तीन नंबरची खिडकी

"यात काय आहे?"

"वजनं."

"एवढी?"

"मग काय, निम्मी आणून कसं चालेल?"

सरहद्दीवर, दुसऱ्या देशात शिरायच्या खिडकीसमोर उभं राहून असं बोलायचं नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, रांगेत पाऊण तास गेला होता, हातातल्या पेटीनं खांदा उतरला होता, आणि मागचे काका दर दोन मिनिटांनी आपली बॅग तिच्या टाचेवर आदळत होते. जिभेवरचा ताबा सुटला. तो नेमका तीन नंबरच्या खिडकीपुढे सुटला.

खिडकीतल्या माणसानं मान वर केली. राग यायला हवा होता, पण त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं… आणि त्यानं ते घाईघाईनं गिळून टाकलं.

"पेटी उघडा."

तिनं उघडली. मखमलीच्या खोबणीत पितळेची वजनं ओळीनं बसलेली होती. पाच किलोच्या ठोकळ्यापासून थेट नखाएवढ्या एक ग्रॅमपर्यंत. पलीकडच्या औषधाच्या कारखान्यातले वजनकाटे महिन्यातून एकदा तपासायचे, हे तिचं काम. काटा खरं बोलतो की खोटं, ते या पेटीतली वजनं ठरवायची. खिडकीतल्या माणसानं कौतुकानं हात पुढे केला, तशी ती ओरडलीच.

"हात लावू नका!"

अख्खी रांग चिडीचूप झाली. बंदुकीवाला शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

"म्हणजे… बोटाचा घाम लागतो ना," ती ओशाळून म्हणाली. "तेवढ्यानंही वजनात फरक पडतो. यांनी तपासलेल्या काट्यांवर कारखान्यात औषधं तोलतात."

त्यानं हात मागे घेतला आणि स्वतःची बोटं नीट निरखून पाहिली. "अकरा वर्षं शिक्के मारतोय, पण या बोटांना कुणी एवढं महत्त्व दिलं नव्हतं," तो म्हणाला. मग शिक्का उचलला, शाई पानावर वाळावी म्हणून हलकी फुंकर मारली आणि पासपोर्ट परत दिला. "या. पुढच्या महिन्यातही येणार का?"

"दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी."

"हा प्रश्न अर्जात नाही," तो म्हणाला. "पण विचारलेला बरा."

पलीकडच्या बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खिडकीच्या काचेत स्वतःला बघून हसतोय.

पुढच्या पहिल्या मंगळवारी खिडक्या पाच होत्या आणि रिकाम्या दोन. ती मात्र तीन नंबरच्या लांबलचक रांगेत जाऊन उभी राहिली. का, ते विचारायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

खिडकीतल्या माणसाला ठरलेले चार प्रश्न विचारावेच लागत. का आलात, कुठे राहणार, किती दिवस, सामानात काय. तो ते चारही प्रश्न अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचा. मग मागच्या रांगेवर एक नजर टाकायचा, आवाज खाली आणायचा आणि पाचवा विचारायचा. तो मात्र त्याचा स्वतःचा असे.

"चहात साखर किती?"

"दीड चमचा. तोलून."

पुढच्या महिन्यात, "गाता का?"

"आंघोळ करताना. घरचे दार वाजवतात."

त्याच्या पुढच्या महिन्यात, "रागावता कुणावर?"

"जो प्रश्न विचारून रांग अडवतो त्याच्यावर."

आणि मागून कुणीतरी हमखास म्हणायचंच, "अहो साहेब, शिक्का मारताय की स्थळ बघताय?" तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे. चेहरा नाही, फक्त कान. ते पाहायला मिळावं म्हणून ती अर्ज भरताना मुद्दाम एखादा रकाना कोरा ठेवू लागली. मग तो पेन पुढे करायचा, ती तिथंच भरायची, आणि आणखी अर्धं मिनिट पदरात पडायचं.

एकदा पाऊस कोसळत होता. दोन्ही देशांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून छत्री नसताना ती पळत आली, आणि पासपोर्टची पानं ओलीचिंब. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि एकेक पान टिपून घेतलं. फार हळू. जणू काही पान फाटलं तर देशच फाटणार होता. ती समोर निथळत उभी होती आणि मनात म्हणत होती, बाई, तू गेलीस कामातून!

"काय म्हणतोय तुझा तीन नंबर?" घरी ताई विचारायची. ताई म्हणजे थोरली बहीण, आणि चिडवण्यात पटाईत.

"माझा कुठला? देशाचा आहे तो. त्यांच्या."

"महिन्यातून तीन मिनिटं भेटतो. वर्षाची झाली छत्तीस. छत्तीस मिनिटांत माणसाला साधी भाजी निवडून होत नाही गं, आणि तू नवरा निवडायला निघालीस?"

"निवडलाय कुणी?" असं म्हणून ती उठून जायची, आणि ताई मागून खो खो हसायची. परतीचं दार दुसऱ्या इमारतीत होतं, त्यामुळे जी काही भेट व्हायची ती जातानाच. तिला त्याचं नाव माहीत होतं, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं. त्याला तिची जन्मतारीखही माहीत होती. पण एवढ्यावर कुणी काही बोलत नाही. बोलायचं असतं ते दोघांच्याही मनातच राहायचं, आणि मागे रांग.

अकराव्या खेपेला तिनं खाली बघत सांगून टाकलं. "पुढची खेप शेवटची. कारखान्यानं तिथलाच माणूस ठेवलाय, काटे तपासायला."

त्याचा शिक्का हवेतच थांबला. मग खाली आला तो तिरका, निम्मा पानावर आणि निम्मा टेबलावर.

"मग… तुम्ही इकडे परत कशाला याल?"

हा पाचवा प्रश्न होता. पण मागचे लोक कुरकुरायला लागले होते, आणि तिला उत्तर सुचलं ते थेट बसमध्ये बसल्यावर, बारा किलोमीटर पुढे गेल्यावर.

महिनाभर तिनं तेच उत्तर घोटलं. ताईसमोर म्हणून दाखवलं, आरशासमोर म्हणून दाखवलं. 'तुम्ही बोलवाल तर येईन.' पाच शब्दसुद्धा नाहीत, चारच. बाराव्या खेपेला तिनं नवा कुर्ता घातला, पेटी पुसून लख्ख केली आणि तीन नंबरच्या रांगेत उभी राहिली. काळीज असं धडधडत होतं की मागच्या माणसाला ऐकू जाईल असं वाटावं.

तिचा नंबर आला. तिनं पासपोर्ट सरकवला.

त्यानं त्याला हात लावला नाही.

"मी हा घेऊ शकत नाही," तो म्हणाला. आवाज अगदी कोरडा. "चार नंबरला जा."

"काय चुकलं का?"

"चार नंबरला जा, प्लीज." त्यानं वरही पाहिलं नाही. "पुढचे, या."

तिला भर बाजारात कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिनं पासपोर्ट उचलला. चार नंबरची रांग भलीमोठी होती, आणि ती शेवटी जाऊन उभी राहिली. छत्तीस मिनिटं, ताईचं गणित बरोबर होतं. शेवटची खेप म्हटल्यावर आता कशाला चार गोड शब्द वाया घालवायचे, असंच असणार त्याच्या मनात. नव्या कुर्त्याची तिला आता लाज वाटत होती. डोळे भरून आले ते तिनं बाहीला पुसले आणि पुढे सरकली.

चार नंबरला एक वयस्कर बाई बसायच्या. जाड चष्मा, आणि चेहरा असा की शाळेतल्या मुख्याध्यापिका आठवाव्यात. त्यांनी शिक्का मारला, पण पासपोर्ट परत दिला नाही. ड्रॉवरमधून एक लांबट वही काढून तिच्यापुढे सरकवली.

"यावर तुमचं म्हणणं लिहावं लागेल."

"मी काय केलं?"

"तुम्ही नाही, त्यानं केलं." बाईंनी तीन नंबरकडे हनुवटी उडवली. "इथं नियम आहे. प्रवासी आपल्या नात्यातला, ओळखीचा असेल तर खिडकीतल्या माणसानं त्याचा पासपोर्ट हाताळायचा नाही. आधी वहीत नोंद करायची आणि त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवायचं. पोरानं आज सकाळी सातला येऊन नोंद केली. मी बावीस वर्षं ही वही सांभाळतेय. अशी नोंद पाहिली नव्हती."

तिनं वाचलं. प्रवाशाचं नाव, तिचं. 'कोणाच्या ओळखीचे' यापुढे त्याचं नाव. 'नाते' या रकान्यात आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण असे सगळे शब्द खोडून 'इतर' ठेवलं होतं. आणि शेऱ्यात त्याच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं:

'प्रवाशावर माझे प्रेम आहे. अद्याप एकतर्फी. प्रवाशास कल्पना नाही. त्यामुळे यापुढे त्यांचा पासपोर्ट मी हाताळणे योग्य होणार नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली.

"शेवटचा रकाना तुमचा," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "माहिती बरोबर असेल तर सही करा. चूक असेल तर काय चूक ते लिहा. आणि जरा लवकर, मागे लग्नाचं वऱ्हाड नाहीये, साधे प्रवासी आहेत."

तिनं पेन घेतलं. लिहून झाल्यावर बाईंनी वही फिरवून वाचली, नाकातल्या नाकात हसल्या आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला.

बाहेर बसथांब्यापाशी ती जेमतेम पोचली असेल, तोच मागून पळत येणारी पावलं वाजली. ती वळली. तीन नंबर! आणि पहिल्यांदाच अख्खा. वर्षभर तिनं त्याला छातीपासून वरच पाहिलं होतं. वर कडक इस्त्रीचा गणवेश, आणि खाली घरातल्या निळ्या स्लिपर. शिवाय तो तिच्यापेक्षा चांगला दोन बोटं बुटका होता.

"तुम्ही उंच आहात," तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही स्लिपर घालता."

"टेबलाखाली कोण बघतंय." मग त्याचे कान लाल झाले. "मघाशी… मी वाईट बोललो. मला तसंच बोलता येत होतं. नीट बोललो असतो तर सगळंच बोललो असतो."

"मग बोलायचं होतं की! मी रडले रांगेत. नव्या कुर्त्याला पुसले डोळे."

"तुमचा पासपोर्ट माझ्या हातात असताना?" तो एकदम गंभीर झाला. "मी वर्षभर दर खेपेला ठरवायचो, आज विचारतो. आणि मग मनात यायचं, समजा हिला नाही म्हणायचं असेल… तर जिचा शिक्का माझ्या हातात आहे ती नाही म्हणू शकेल का? भीतीनं हो म्हणाली तर? मला तसलं हो नको होतं. आता तुमचा शिक्का झालाय, पासपोर्ट तुमच्या पर्समध्ये आहे, बस समोर उभी आहे. आता माझ्या हातात काहीच नाही. आता विचारतो."

तिला वाटलं, याच्यावर आपण करतोय त्याहून जास्त प्रेम करता येणं शक्य नाही. आणि लगेच जाणवलं की येतंय, आत्ताच वाढलं.

"विचारू नका," ती म्हणाली. "मी आत लेखी दिलंय."

"काय दिलंय?"

"जाऊन वाचा."

"बस सुटेल तुमची!"

"मग पळा ना!"

तो पळाला. स्लिपर फटाफट वाजवत, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या देखत. इमारतीच्या काचेतून तिला दिसलं, तो चार नंबरच्या बाईंच्या खांद्यावरून वाकून वाचत होता. तिनं लिहिलं होतं, 'माहितीत चूक आहे. "एकतर्फी" हा शब्द काढून टाकावा.' त्यानं मान वर केली, काचेतून तिला शोधलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथंच उभा राहिला. बस सुटली ती तिच्याशिवायच. तासाभरानं दुसरी होती.

त्यानंतर सात आठवडे फोनवर गेले. फोनवरच कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं. आणि तिथंच तिला कळलं की बारा वर्षं दुसऱ्यांना सरहद्द ओलांडू देणाऱ्या या माणसानं स्वतः ती कधीच ओलांडली नव्हती. त्याच्याकडे पासपोर्टच नव्हता. तो आता काढला, रजा मंजूर करून घेतली, आणि एका रविवारी सकाळी तिच्या देशाच्या दारात, प्रवाशांच्या रांगेत येऊन उभा राहिला.

ती बाहेरच्या कठड्याला टेकून वाट बघत होती. दहा वाजले. अकरा. साडेअकरा. बसमधले सगळे उतारू बाहेर पडले, शेवटच्या म्हाताऱ्या आजीचंही नातवाच्या गळ्यात पडून रडून झालं, आणि याचा पत्ता नाही. परवानगी नाकारली असेल? की ऐन वेळी तोच मागे फिरला असेल?

साडेबाराला तो आला. केस विस्कटलेले, पायात नवे बूट, चेहरा रडकुंडीला आलेला.

"मला रांगेच्या शेवटी पाठवलं! दोनदा!"

"का?"

"अर्जात खाली एक चौकट असते. 'फक्त अधिकाऱ्यासाठी'. मी…" त्यानं डोळे मिटून घेतले. "मी सवयीनं त्यात सही ठोकली. नवा अर्ज दिला, पुन्हा रांग लावली. पुन्हा त्याच चौकटीत सही. तुमच्या इकडचा तो अधिकारी म्हणाला, साहेब, स्वतःच स्वतःला देशात घेताय का?"

ती हसायला लागली. हसता हसता कठड्याला धरून खाली बसली. आणि मग उठून, रिक्षावाले, हमाल, शिपाई सगळे बघत असताना, तिनं सरळ त्याचा हात हातात घेतला. तो उबदार होता आणि घामेजलेला होता. सोडावासा वाटत नव्हता, म्हणून तिनं सोडला नाही.

"चल लवकर. आई दोन तास दारात उभी आहे. रागावलीय तुझ्यावर."

त्याचा चेहरा पडला. "अजून तर त्यांनी मला पाहिलंही नाही. आधीच रागावल्या?"

"जेवण गार झालं म्हणून. कधीची फोनवर बडबडतेय, एवढंही वेळेवर येता येत नाही म्हणजे काय."

"मग आता?"

"आता काय, खूश हो," ती त्याला ओढत रस्त्याकडे निघाली. "पाहुण्यांशी आई फार गोड बोलते. रागावते ती फक्त घरच्यांवर."