पॅरिसचा बॅले, साखर पेठेचं कापड

मला हवं असलेलं पुस्तक आधीच कुणीतरी घेतलं होतं.

दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत फारसं कुणी नसायचं. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी एक अनोळखी मुलगा बसला होता आणि ते चित्रांचं जाडजूड पुस्तक त्याच्यासमोर उघडं होतं. शेजारी बारीक चौकड्यांचा कागद. तो चित्रात बघायचा, पेन्सिलीनं एखादा चौकोन भरायचा, पुन्हा बघायचा. मी समोर येऊन उभी राहिले आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता.

"हे पुस्तक आज मला मिळणार होतं," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. "मिळेल की. एवढी किनार उतरवून घेऊ द्या."

"तुम्ही आमच्या कॉलेजचे नाही."

"नाही. पण तुमच्या इतिहासाच्या सरांनी बसायला सांगितलंय. विचारून या हवं तर."

"नको. मी थांबते." मी समोरची खुर्ची ओढली.

"तुम्ही थांबलात तर माझी रेघ चुकेल," तो खाली बघतच म्हणाला... आणि खरंच त्यानं खोडरबर उचललं.

त्याचं नाव अंबादास. साखर पेठेत त्यांचे घरचेच माग होते आणि तो चादरींची नक्षी काढायचा. मी महानंदा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, भुसार मालाचं दुकान. त्याच्या घरी तेलुगू बोलायचे, आमच्या घरी कन्नड. आमच्या दोघांत उरली ती मराठी.

चौऱ्याहत्तर सालची ही गोष्ट. आमच्या गावची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती आणि कॉलेजात स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होती. इतिहासाच्या सरांना यंदा बॅले बसवायचा होता. शतकाच्या सुरुवातीला रशियन नर्तकांची एक मंडळी पॅरिसला आली आणि त्यांचे नाच बघून तिथल्या बायकांच्या कपड्यांची तऱ्हाच बदलली, ती त्याच पुस्तकातली हकिकत. नाचणाऱ्या मुली दुसऱ्या होत्या. मला शिवण चांगलं येतं म्हणून कपडे माझ्या गळ्यात पडले होते.

"नाच बघून कपडे बदलले?" अंबादासला ते पटेना.

"त्याआधी त्या कंबर आवळून बांधायच्या. आत कडक पट्ट्या घातलेली चोळी, मागून दोरीनं खेचलेली. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. आणि समोर बघतात तर सैल विजारी, डोक्याला पागोटं, नाचणारी अगदी मोकळी." मी पान उलटलं. "बघणारीला वाटलं असेल, मग मीच का गुदमरायचं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग घाईनं चित्राकडे वळला.

"हा नारिंगी आणि त्याला लागून हा निळा. हे त्यांना नवीन होतं?"

"तोवर सगळं फिकं फिकं नेसायच्या."

"आमच्याकडं तर हे रोज मागावर असतं," तो हसला. "तुम्ही कशाचे शिवणार कपडे?"

"मुलींच्या घरून जुन्या साड्या गोळा करणार."

"मी विणून देतो की."

"तुम्ही कशाला?"

"मला चादरीशिवाय दुसरं काहीतरी विणून बघायचंय." तो पेन्सिलीचं टोक न्याहाळत होता. "आणि... कापड न्यायला तुम्ही याल."

पहिलं कापड त्यानं आणलं ते बघून मी कपाळाला हात लावला. रंग सुरेख, पण जाडी चादरीची. विजार शिवून जमिनीवर ठेवली तर ती आत कुणी नसताना उभी राहिली.

"ही नाचणार नाही, पहारा देईल," मी म्हणाले.

अंबादास इतका हसला की लायब्ररीच्या शिपायानं आम्हा दोघांना बाहेर काढलं. मग आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. सूत किती बारीक हवं ते मी माझ्या ओढणीचं टोक त्याच्या हातात देऊन दाखवलं. त्यानं ते दोन बोटांत धरलं, चोळून पाहिलं... आणि बराच वेळ सोडलंच नाही.

"समजलं का?" मी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला.

दुसरं कापड वाऱ्यावर धरलं तर तरंगत होतं. रिकाम्या वर्गात मी विजार नि अंगरखा स्वतःच घालून बघितला, डोक्याला निळं पागोटं गुंडाळलं आणि दार उघडलं. अंबादास बाहेर उभा होता. माझी मैत्रीण केरा दारात राखणीला. ती तोंडावर हात धरून हसायला लागली. तो मात्र पागोट्याकडे बघत उभा.

"काहीतरी बोला की. वाईट दिसतंय का?"

"बागुंदी," तो हळूच म्हणाला. मग कानापर्यंत लाल होत त्यानं मराठी केलं, "म्हणजे... छान आहे. कापड."

"फक्त कापड?"

"बाकीचं बोलायची मला सवय नाही."

त्या संध्याकाळी घरी आले तर आई, आमची अव्वा, स्वयंपाकघरात खुशीत होती. रविवारी अकलूजहून मुलगा बघायला येणार होता. साखर कारखान्यात नोकरी, आपल्याच समाजातला, चांगली माणसं. मी अर्धी पोळी ताटातच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी अंबादासला सांगितलं. उगीचच सांगितलं, असं मी स्वतःला बजावत होते. तो कापडाची घडी घालत होता. ती त्यानं मोडली, पुन्हा घातली.

"बरं झालं," तो म्हणाला. "मीही संमेलन झालं की अहमदाबादला चाललो. कापडावरची नक्षी शिकवतात तिथं. एक वर्ष."

"मला बोलला नाहीत."

"काय बोलू? आमचं घर मागांचं. दिवसभर खडखडाट. तुला दुपारची झोपसुद्धा..." तो थांबला. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघालं होतं. "तुम्हाला उशीर होईल," असं म्हणून तो उठला आणि सायकलवर बसून निघूनही गेला.

संमेलनाला आप्पा आणि अव्वा पुढच्या रांगेत होते. पडदा उघडला. आधी करकचून आवळलेल्या फिकट पोशाखातल्या मुली आल्या, जपून पावलं टाकत, पंख्यानं वारा घेत. मग नारिंगी-निळ्या विजारीतल्या मुली आल्या, आणि त्यांनी पहिली गिरकी घेतली तेव्हा सगळं कापड एकदम फुललं. शेवटी पंखेवाल्या मुलींनी एकेक करून दोऱ्या सोडल्या आणि मोठ्ठा श्वास घेतला, तेव्हा मागच्या बाकांवरच्या बायका सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागल्या. मी पडद्याआडून बघत होते. अंबादास दाराशी उभा होता. टाळ्या थांबायच्या आत तो गेला.

सकाळी चहाच्या वेळी आप्पांनी सहज विचारलं, "ते कापड कुणी विणलं गं? लई हलकं दिसत होतं."

मी म्हणाले, "अंबादासनं. साखर पेठेतला आहे." आणि मग मला थांबताच आलं नाही. "आप्पा, अकलूजच्या लोकांना येऊ नका म्हणा. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

अव्वाच्या हातातली किटली तशीच राहिली. "एनम्मा," ती पुटपुटली, "काय बोलतीस गं हे?"

आप्पा चहा अर्धाच टाकून दुकानात निघून गेले. अव्वा रडली, मग माझ्यावर चिडली, मग संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावायला बसली आणि पुन्हा रडली. अकलूजला मात्र निरोप गेला, इतक्यात येऊ नका म्हणून. तो कुणी पाठवला, हे मला कुणी सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी आप्पा जेवून हात धुवत होते. पाठमोरेच म्हणाले, "मी होय म्हणालो नाही, ध्यानात ठेव. पण त्याच्या घरचे काय म्हणतात?"

"माहीत नाही."

"आणि तो?"

मी त्यांचा पंचा पुढे केला.

आप्पा वळले. "महानंदा, त्याला माहीत तरी आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, पण हसू पुसलं गेलं नाही. "आमचं घर डोक्यावर घेतलंस आणि त्याला पत्ता नाही? जा, आधी त्याला तरी विचार की."

साखर पेठेत गेले तर कळलं, तो अहमदाबादला जायला नुकताच निघाला होता. स्टेशनवर मुंबईची गाडी लागायला अजून वेळ होता. अंबादास ट्रंकेवर बसला होता. मला बघून तो उठला. मी धापा टाकत होते.

"काय झालं?" त्यानं घाबरून विचारलं.

"मी घरी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्हाला विचारायचं राहिलं होतं... म्हणून आले."

तो पुन्हा ट्रंकेवर बसला. म्हणाला, "मी गेले कितीतरी दिवस हे कसं बोलायचं ते जुळवत होतो. आणि तुम्ही घरी सांगूनसुद्धा आलात."

"मग? तुमचं काय?"

त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते. "माझं होय. पहिल्या दिवसापासून होय." मग उठून त्यानं ट्रंक उचलली. "आप्पा दुकानात असतील आता?"

"असतील. पण गाडी?"

"उद्याही गाडी आहे. माझ्यासाठी तू एकटी बोललीस, आता मला बोलू दे की."

टांग्यात मध्ये ट्रंक होती, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. नवी पेठ येईपर्यंत दोघंही समोर घोड्याच्या मानेकडे बघत होतो. मग ट्रंकेच्या झाकणावरून त्याचा हात हळूहळू सरकत आला आणि माझ्या बोटांपाशी थांबला... तिथून पुढचं अंतर मी कापलं.