गुरुवारची प्रत

आमच्या रुग्णालयाच्या नवजात विभागात सहा काचपेट्या आहेत. त्यांतल्या बाळांचं तापमान आणि हृदयाचे ठोके सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसतात. ते सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालतं, ते मशीन माझ्या ताब्यात. कुठलाही बदल करण्याआधी मी चालू सिस्टीमची एक पूर्ण प्रत बाजूला ठेवते. बदल अंगाशी आला, तर मशीन बंद करून जुन्या प्रतीवरून सुरू करायचं, की दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. अकरा वर्षांत एकदाही दगा झाला नव्हता.

त्या सोमवारी दुपारी झाला. अपडेटनंतर मशीन उठेना. शुक्रवारची प्रत निवडली, ती अर्ध्यावर अडकली. त्याआधीचीही तशीच.

मोठ्या सिस्टर दारात आल्या. "अजून किती वेळ? पाच बाळं आणि आम्ही दोघी. सगळं हातानं लिहितोय."

"पाचच मिनिटं," मी म्हणाले. त्या पाच मिनिटांत काय करणार, ते मलाच ठाऊक नव्हतं.

प्रतींच्या यादीत तिसरी ओळ होती. ती प्रत मी केलेली नव्हती, आणि मशीनचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नाही. नाव, 'नवा पंखा'. तारीख येत्या गुरुवारची. मी मशीनचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं.

दुसरा इलाज नव्हता. ती प्रत निवडली. मशीन मुकाट्यानं सुरू झालं. पलीकडच्या खोलीतून सिस्टरांचा आवाज आला, "आले हो आकडे."

सवयीनं मी दुरुस्तीच्या नोंदींची फाइल उघडली. शेवटची नोंद माझ्याच ढंगात होती, वाक्याअखेर दोन-दोन टिंबं देऊन.

'सोमवार. चौथी पेटी गार पडलीय.. आकड्यावर जाऊ नका..'

मी धावतच विभागात गेले. स्क्रीनवर चौथ्या पेटीसमोर छत्तीस पूर्णांक आठ. अगदी ठणठणीत. पण तो आकडा हलत नव्हता.

"सिस्टर, चौथ्या पेटीत हात घालून बघता का?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात घातला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बाळाला उचललं, दुलईत गुंडाळलं आणि बाहेर बसलेल्या आईला हाक मारली. आईनं लेकीला उघड्या छातीशी धरलं. डॉक्टर आले. तासाभरानं पोरीनं सूर लावला, तेव्हा कुठे सिस्टर खुर्चीवर टेकल्या.

"पेटीचा हीटर बंद, सेन्सर अडकलेला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"नोंदीत होतं."

"कुणाच्या?"

"माझ्याच."



गुरुवारी सकाळी मशीनचा पंखा खरखरून बंद पडला. मी नवा बसवला. प्रत करण्याआधी फाइल उघडली. सोमवारची नोंद तिथे नव्हती. ती दोन वाक्यं लिहिली. दोन-दोन टिंबांसकट. मग प्रत केली आणि तिला नाव दिलं, 'नवा पंखा'. 

तेवढ्यात सिस्टरांनी बोलावलं. पोरीला घरी न्यायला तिचा बाप आला होता, आणि त्याला मला भेटायचं होतं. त्यानं हात जोडले.

ते गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "जरा दुसरी पेटी बघा."

पेटी आठवडाभर रिकामी होती. आतली चादर कोरी, घडी न मोडलेली. तारा बाजूला गुंडाळून ठेवलेल्या.

स्क्रीनवर तिच्या चौकटीत येत्या सोमवारची तारीख होती आणि ठोके पडत होते. एकशे बेचाळीस. एकशे चव्वेचाळीस. निरोगी बाळाचे पडतात तसे, एकसारखे.