खोटारडी अँटिबॉडी

फ्रिजमधल्या एकाच कुपीवर दोघांचे हात एकदमच पडले.

"माझी आहे," ती म्हणाली.

"अख्ख्या संस्थेत शेवटची आहे," वरच्या प्रयोगशाळेतला तो हसला. "निम्मी-निम्मी?"

झालं! कुपीवरून चहा सुरू झाला, चहावरून भांडणं, आणि भांडणांवरून... आता काय सांगायचं!

कुपीत होती अँटिबॉडी. पेशीच्या दारात बसून बाहेरचा निरोप आत पोचवणारं एक प्रथिन असतं, रिसेप्टर. ही अँटिबॉडी फक्त त्यालाच चिकटते, असा तिचा लौकिक. वरच्या प्रयोगशाळेतल्या पठ्ठ्याचा सगळा पीएच.डी.चा प्रबंध त्या लौकिकावर उभा होता.

आणि आमच्या बाईसाहेबांना अवदसा आठवली! ज्या पेशींत तो रिसेप्टर मुळातच नाही, त्या पेशींवर तिने ती अँटिबॉडी वापरून पाहिली. अँटिबॉडी चिकटली तरच फिल्मवर पट्टी उमटते, म्हणजे इथे काहीच दिसायला नको होतं. दिसली काळीकुट्ट, ठळक पट्टी! पुन्हा केलं, पुन्हा तेच. अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत होती.

"ठेव बाजूला हे," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "त्याचा प्रबंध बुडेल. आणि तुमचं... जे काही चाललंय, तेही."

तिला संतापच आला. लपवाछपवी करून टिकवायचं, ते कसलं डोंबलाचं प्रेम? ती तडक जिना चढली आणि पट्टीचा फोटो त्याच्यासमोर ठेवला.

तो पांढराफटक पडला. फोटो उचलून खिडकीशी नेला, उजेडात पुन्हा पुन्हा पाहिला.

"उद्या संस्थेच्या बैठकीत मी हे दाखवणार आहे." तिची मान ताठ होती. "रागाव, बोलणं टाक... मी दाखवणारच."

"तू नाही दाखवायचं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हणजे तूही—"

"मी दाखवणार. चूक माझ्या प्रबंधात आहे ना? मग मीच उभा राहून सांगणार."

"आणि मॅडम?"

"गेल्या उडत!" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल गं. वर्षं जातील... थांबशील?"

"थांबायला मी काय बस स्टॉपवर उभी आहे?" डोळे पुसत ती फणकारली. "उद्यापासून दोघं मिळून कामाला लागू. आणि लग्न प्रबंधाच्या आधी करायचं, सांगून ठेवते. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे!"