फिटच्या गोळ्या आणि कंपनीचा माणूस

"नाहीत हो बाई. शेवटचं पाकीट आत्ताच गेलं," औषधवाला म्हणाला आणि माझ्या शेजारच्या माणसाकडे त्यानं हनुवटी उडवली.

सकाळपासून दुकानामागून दुकान हेच. आत्ताच गेलं! मी चडफडत वळले. चष्मेवाला, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी दुमडायची राहून गेलेली... आणि हातात फिटच्या गोळ्या. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि पाकीट माझ्यापुढे धरलं.

"घ्या तुम्ही. घरात कुणाला त्रास आहे का? की... तुम्हालाच?"

इतकं हळुवार विचारलं, की माझी पंचाईत झाली. मला कसलाही त्रास नव्हता. मी औषध नियामक मंडळातली अर्थतज्ज्ञ. भाव वाढवून मिळावा म्हणून या गोळ्या बनवणारी कंपनी मुद्दाम माल अडवते, असा माझा संशय होता, आणि तो तपासायला मी गिऱ्हाईक बनून दुकानं पालथी घालत होते.

"नको. तुमच्या पेशंटला लागतील."

"माझा पेशंटच नाही."

"मग घेतल्यात कशाला?"

तो घुटमळला. "मी कंपनीचा अर्थतज्ज्ञ. औषध दुकानात मिळतं, हे दाखवायला पाकिटं विकत घेत फिरतोय."

डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ आग. "म्हणजे मंडळाच्या तपासणीत माझ्या पुढे पुढे जाऊन दुकानं रिकामी करणारे महाशय तुम्ही!"

"आणि माझ्या मागून येऊन 'औषध नाही' असं लिहिणाऱ्या तुम्ही?" तो हसला. माझी अख्खी सकाळ मातीत घालून वर हसला!

"हसा. पण प्रत्येक दुकानात शेवटचंच पाकीट कसं मिळालं तुम्हाला?"

त्याचं हसू ओसरलं. चष्मा काढून तो पुसत राहिला. हे त्याला सुचलंच नव्हतं.

दोघांचीही तपासणी बाद झाली. आमच्या साहेबीणबाईंनी हुकूम काढला, "दोघं बरोबर फिरा. एकच अहवाल, दोघांच्या सह्या. भावाच्या सुनावणीत मला तंटा नको."

तंटा रस्त्यात झाला. रोज.

"भावाला मर्यादा घातलीत तर कंपनी गोळ्या बनवणंच सोडेल, सरकार." सरकार हे माझं नाव. त्यानं ठेवलेलं.

"आणि नाही घातली तर? चपलेचा भाव पटला नाही तर माणूस जुनी शिवून घेतो. फिटला सांगता येतं का, बाई गं, पुढच्या महिन्यात ये म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मग काय... पटलं."

असा माणूस! मी पदर खोचून भांडायला उभी, आणि हा मधेच पटलं म्हणतो! वर जाता जाता म्हणतो, "पण मर्यादा इतकी खाली नेलीत की छोटे कारखाने बसतील. मग गोळ्या कुठे वळणार, तुमच्या स्वयंपाकघरात?" मी चरफडत मर्यादा थोडी वर नेली. कारण मुद्दा बरोबर होता. त्याचाच जास्त राग आला.

एकदा भुरभुर सुरू झाली. त्यानं हातातले कागद माझ्या डोक्यावर धरले.

"अहो, अहवाल भिजतोय!"

"तो माझ्या शर्टाच्या आत आहे. हे कंपनीचं म्हणणं आहे. भिजू दे."

मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर... जाऊ दे.

"रोज जेवताना त्या कंपनीवाल्याला शिव्या," आई एकदा भात वाढता वाढता म्हणाली. "तो चहात साखर किती घेतो, तेही पाठ झालं मला."

"आई, तो डोक्याला ताप आहे नुसता!"

"असेल गं. लग्नाआधी तुझे बाबाही होते."

मी हातातला घास ताटात ठेवला. कारण सुनावणी तोंडावर आली होती, आणि सुरुवातीला अध्यक्ष एक प्रश्न विचारतात: समोरच्या बाजूशी कुणाचा वैयक्तिक संबंध आहे का? असेल त्यानं उठून बाहेर जायचं. कंपनीचं मीठ खाऊन तोंड वर करून 'नाही' म्हणणारे मी ढिगानं पाहिले होते, आणि त्यांना निर्लज्ज म्हटलं होतं. आता माझी पाळी. उमेदीची वर्षं ज्या प्रकरणात घातली, ते सोडायचं... आणि कुणासाठी? ज्यानं अजून अवाक्षर काढलेलं नाही, त्याच्यासाठी!

अध्यक्षांनी प्रश्न विचारला. मी उठले. आवाज भांडणाचाच निघाला.

"आहे, साहेब."

"कोणता?"

"कंपनीच्या अर्थतज्ज्ञावर माझं प्रेम बसलंय."

कुणाला तरी ठसका लागला. अध्यक्षांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्यांना ठाऊक आहे?"

"आत्ता झालं असेल."

समोरची खुर्ची करकरली. तो उभा होता, कानापर्यंत लाल. "माझंही तेच आहे, साहेब. केव्हाच सांगितलं असतं, पण या बोलू देतील तर ना!"

"दोघंही बाहेर," अध्यक्ष म्हणाले. "अहवाल दोन्ही बाजूंचा आहे, तो राहील. तुम्ही नाही."

दार लागलं आणि मी त्याच्यावर तुटून पडले. "तू कशाला उठलास? मी जातच होते ना! त्या बाजूला खरं बोलणारा तू एकटा होतास, मूर्खा!"

"मी गप्प बसलो असतो, तर खरं बोलणारा कसला?"

मी दाराला कान लावला. आत माझी ज्युनिअर माझे मुद्दे वाचत होती. वाचत होती फक्त! जीव ओतून लिहिलेलं सगळं, हजेरी घेतल्यासारखं. माझे डोळे भरून आले.

'होईल सगळं नीट' असं काही तो बोलला नाही. त्यानंही शेजारी कान लावला. "जरा जोरात वाच की गं," तो दातओठ खात पुटपुटला. "पुढचाच मुद्दा महत्त्वाचा आहे!"

मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून पहिल्यांदाच.

"काय सांगणार होतास तू?"

"इथे? दारात?"

"हळू सांग. आणि लवकर. ती आता भावाच्या मर्यादेवर येईल."

त्यानं सांगितलं... हळूच, माझ्या मोकळ्या कानात.

भावाच्या मर्यादेवर ती काय बोलली, ते मला ऐकूच आलं नाही.