काळ्या स्क्रीनमागचा पाळणा

लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि बघते तर काय! स्क्रीन काळीकुट्ट! पंखा फिरत होता, पण दिसत काही नव्हतं. आणि बाहेर बारशाची मंडळी जमायला लागलेली.

मी शाल्मली. चौथीत आहे, पण आत्या आहे बरं का! दादाला बाळ झालंय, आमच्या चांद्रवसाहतीत जन्मलेलं पहिलंच बाळ. त्याच्यासाठी मी आज उठल्यापासून बसून स्वतः पाळणा रचला होता, प्रत्येक कडव्याला हलती चित्रं काढली होती. सगळं त्या लॅपटॉपमध्ये. आणि सेव्ह? छे! आमच्याकडे सेव्ह करतंय कोण! चंद्रावरची रात्र पंधरवडाभर चालते, तेव्हा सौरवीज नसते. म्हणून वसाहतीचा नियम आहे, जागेवरून उठलं की झाकण लावायचं. लॅपटॉप झोपतो, उघडला की काम जिथल्या तिथे. त्यामुळे आम्ही सगळेच आळशी झालोय.

"सोपं आहे," आमचा यंत्रमानव खटपट्या म्हणाला. "बटण दाबून धरतो. बंद करून चालू केलं की ठीक होईल." आणि बोट पुढे!

"हात लावलास तर बघ!" आबा ओरडले. आबा म्हणजे माझे आजोबा, वसाहतीतले संगणकशास्त्रज्ञ. "शाल्मले, रडू नकोस. आधी सांग, हा झोपलाय की जागा आहे?"

"मला काय माहीत!"

"मग त्यालाच विचार. कॅप्स लॉक दाब."

दाबलं. बटणावरचा इवलासा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

"म्हणजे स्वारी जागी आहे," आबा म्हणाले. "झोपेत बाकीचे भाग बंद होतात, पण रॅमला (तात्पुरत्या स्मृतीला) थोडी वीज मिळत राहते. तुझा पाळणा तिथेच आहे. बटण दाबून धरलं असतं तर वीज गेली असती, आणि तिच्याबरोबर पाळणाही."

खटपट्यानं बोट गुपचूप पाठीमागे नेलं.

"पण मग दिसत का नाही?"

आबांनी टॉर्च लावून स्क्रीनवर तिरकी धरली. "नीट बघ."

अगं बाई! काळ्या स्क्रीनवर पुसट पुसट माझी चित्रं! तो ससा, तो पाळणा! "आबा, आहे! आहे!" मी नाचायलाच लागले.

"स्क्रीनमध्ये दोन गोष्टी असतात. पुढे चित्र, मागे बॅकलाइट (चित्र उजळणारा दिवा). चित्र उठलं, दिवा मात्र घोरतोय! आपला लॅपटॉप लिनक्सवर (कुणालाही उघडून बघता, सुधारता येणाऱ्या संगणकप्रणालीवर) चालतो. जाग आली की तिचा कर्नल (प्रणालीचा गाभा) एकेका भागाला उठवतो. स्क्रीनला निरोप देतो तो ड्रायव्हर (गाभा आणि यंत्र यांच्यातला दुभाषी). काल आपण नवा कर्नल घातला ना? त्यातला दुभाषी दिव्याला उठवायला विसरतोय, असं वाटतंय."

"मग आठवण करून द्या की त्याला!"

"तूच दे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाब. आपण नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जाऊ. मग एफ-टूनं परत. या येरझारांत ड्रायव्हरला स्क्रीन नव्यानं मांडावी लागते."

"आत्याबाई, येताय ना?" बाहेरून वहिनीची हाक आली. "बाळ कुरकुरायला लागलंय!"

मी तीन बटणं दाबली. काळोख. परतीची तीन दाबली. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि लख्ख उजळली!

"आधी सेव्ह!" आबा आणि खटपट्या एकदमच ओरडले. केलं बाई, केलं!

"सध्या जुना कर्नलच वापरू," आबा म्हणाले. "आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पृथ्वीवर कळवू. त्यांनी दुरुस्ती केली की सगळ्यांचेच दिवे उठतील."

मग काय, भिंतभर चित्रं आणि माझा पाळणा! वहिनीचे तर डोळेच भरून आले. मी बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले. खटपट्याचा जरा जोरात बसला. चंद्रावर वजन ते केवढं! मी थेट छताकडे निघाले आणि वरूनच ओरडले, "नाव ठेवलं, मिहिर!"

मिहिर म्हणजे सूर्य. रात्र लागल्यावर जन्मलाय तो, सूर्य अजून पाहिलाच नाही त्यानं. परवा उजाडेल तेव्हा त्याला खिडकीशी मीच नेणार आहे, दादाला तसं बजावून ठेवलंय.