एका दिवसाचा गिलावा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी कामिनी असोद्याला आली ती स्कूटीवर, पायांशी एक नवी घागर धरून. जळगावहून असोदा म्हणजे काही लांबचा पल्ला नव्हे, पण त्रेचाळीस अंशांच्या उन्हात मातीचं भांडं सांभाळत खड्डे चुकवणं ही परीक्षाच होती. लोकांच्या लेकी आखाजीला माहेरी येतात त्या झोके घ्यायला आणि आमरस ओरपायला. कामिनी शाळेत विज्ञान शिकवायची, झोक्याचं वेड तिला लहानपणीही नव्हतं, आणि या वर्षी तर ती एक नकोसं काम उरकायला आली होती.

तिच्या आईने, सुनंदाबाईंनी, दारातच घागर पाहिली.

"ही कोनाची वं?"

"हितेंद्रची, माय."

"जित्या मानसाची घागर भरत नाही," एवढं बोलून सुनंदाबाई आत गेल्या.

आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. तिच्या वडिलांच्या, निंबाआबांच्या, घरची रीत अशी, की ज्याची त्याची वेगळी घागर. नाव घेऊन पाणी ओतायचं, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, वर आंबा आणि सांजोरी. मग त्या जिवाची वर्षभराची तहान भागते. आबांनी आपल्या आईवडिलांसाठी आणि दोन्ही काकांसाठी चार घागरी आणून ठेवल्या होत्या. पाचवीबद्दल या घरात दोन वर्षं बोलणं नव्हतं.

हितेंद्र कामिनीचा धाकटा भाऊ. चित्रकला शिकून तो इटलीत गेला आणि तिथल्या जुन्या चर्चमधली भिंतींवरची चित्रं दुरुस्त करायला शिकला. सहासातशे वर्षांपूर्वीची चित्रं. केळीच्या बागेतलं पोरगं मेरीच्या पदराला रंग लावतं, याचं गावाला भारी हसू यायचं. दोन वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका लहान गावी तो चर्चच्या छताशी परांचीवर चढून काम करत असताना भूकंप झाला. छत खाली आलं. चौघे सापडले. हितेंद्र सापडला नाही. महिनाभर उकरूनही नाही. आता तिथल्या कोर्टाचा कागद आला होता, की तो मृत समजावा. कागद कामिनीच्या पर्समध्ये होता.

रात्रीचं जेवण लवकर झालं. तिने कागद वाचून दाखवला.

"दोन वर्सं झाली," आबा म्हणाले. "तो गेला असंल, तर दोन वर्सं तहानला आहे पोरगा. त्याले पानी कोन देईल?"

"आन गेला नसंल तर?" सुनंदाबाई म्हणाल्या. "मेल्याची हाक मारसान तुम्ही त्याले?"

कामिनीला दोघांचीही दया आली, आणि थोडा रागही आला.

मागच्या पडवीत हितेंद्रचं चित्र होतं. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने पडवीच्या भिंतीचं सिमेंट खरवडून काढलं आणि परसात खड्डा करून चुना भिजत घातला. तिकडची रीत तो आबांना समजावून सांगायचा. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच चुन्याचा गिलावा करायचा आणि तो ओला आहे तोवर रंग लावायचा. वाळला की रंग भिंतीतच मुरला. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरा तुकडा. तुकड्यांचे सांधे बारकाईने पाहिले, तर जुनं चित्र किती दिवसांत झालं तेही कळतं म्हणे. तिकडच्या चित्रकारांनी मांडीवर बाळ घेतलेली मेरी रंगवली ती आपल्याच गावच्या बाईचा चेहरा घेऊन, मागे आपलेच डोंगर काढून. म्हणून हितेंद्रने सुनंदाबाई रंगवल्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, आणि मागे केळीची बाग. मांडी तेवढी राहिली. सुट्टी संपली. मांडीच्या जागी उघड्या विटा होत्या, आणि बाळ पुढच्या सुट्टीत काढीन असं सांगून तो गेला होता.

आखाजीच्या सकाळी पडवीतून सुनंदाबाईंची हाक आली. मोठ्याने नाही, देवघरातून हाक मारावी तशी.

विटा झाकल्या गेल्या होत्या. मांडीच्या जागी ओला, गुळगुळीत चुना होता. कडा नीट तिरक्या कापलेल्या. कामिनीने बोट लावलं. थंड होतं, आणि क्षणात बोटाला चुरचुरायला लागलं.

"माय, हे कोणी केलं?"

"मी उठले तं व्हतंच."

कामिनीने आईचे हात धरून पाहिले. नखांत पिठाशिवाय काही नव्हतं. तिने परसातला खड्डा पाहिला. तळाशी चुन्याची खपली, उन्हाने तडकलेली, तिच्यात कोळ्याचं जाळं. मजूर नवल चार दिवस गावी गेला होता. गावात दुसऱ्या कोणाला हे काम येत नव्हतं.

नऊ वाजता ओल्या चुन्यावर तांबड्या मातीच्या रेघा होत्या. एक गुडघा, एक टाच.

साडेदहाला बाळाचे दोन्ही पाय होते, रंगवलेले, गोरे-पिवळे. बोटं जरा वाकडी. हितेंद्रची अशीच होती. कामिनी तिथेच उभी होती, तरी एकही रेघ उमटताना तिला दिसली नाही. पापणी लवायची आणि आधी नव्हतं ते असायचं. बाहेर डांबर वितळत होतं. एव्हाना हा चुना वाळून खडखडीत व्हायला हवा होता. तो ओलाच होता.

सुनंदाबाई समोर पाटावर बसल्या होत्या. दोन वर्षांत इतका शांत चेहरा त्यांचा कोणी पाहिला नव्हता.

"तो काम करू राह्यला," त्या म्हणाल्या. "आज त्याले कोनी हाक मारू नका."

कामिनीला वाटलं, आपण इथे आणखी थांबलो तर आपलंही डोकं फिरेल. ती पुढच्या खोलीत आली. आबा चार घागरी भरून बसले होते आणि पाचवीकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भरून टाकू, आबा," ती म्हणाली. "आज नाही तर कधीच नाही व्हनार."

आबांनी पाणी ओतलं. रांजणातलं, स्वच्छ, तळाचा मातीचा रंग दिसेल असं. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि एकेक नाव घ्यायचं. चार नावं आबांनी घेतली. पाचव्याला त्यांनी कुंकवाची वाटी तिच्यापुढे सरकवली. म्हणून कामिनीने कुंकवात बोट बुडवलं, उंबरठ्यावर ओढलं आणि भावाचं नाव घेतलं. मग घागरीच्या तोंडावर डांगर दाबून बसवलं.

पडवीतून आई म्हणाली, "थांबला."

कामिनी धावत गेली.

चुना कोरडा होता. पांढराफटक, खडूसारखा. बाळ मानेपर्यंत झालं होतं. आईच्या नऊवारीची कड त्याने मुठीत धरली होती. मानेच्या वर काही नव्हतं, नुसती भिंत. शेवटचा फटकारा खांद्यापाशी अर्धवट तुटला होता, हातातून काम काढून घ्यावं तसा.

सुनंदाबाईंनी वळून पाहिलं नाही. "नाव घेतलं तुम्ही," त्या म्हणाल्या.

कामिनी पुन्हा पुढच्या खोलीत आली. आबा आगारीसाठी, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर द्यायला, निखारे आणायला चुलीकडे गेले होते. पाचही घागरी रांगेत होत्या. तिने शेवटच्या घागरीवरचं डांगर उचललं.

पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. तिने बोट बुडवलं. बुळबुळीत लागलं, चुन्याचं पाणी लागतं तसं. बाकीच्या चारही घागरींचं पाणी नितळ होतं.

दर वर्षी ती वर्गात हा प्रयोग करते. चुन्याची नितळ निवळी घ्यायची आणि नळीने तिच्यात फुंकायचं. निवळी दुधाळ होते, कारण माणूस श्वास सोडतो.

घागरीतून बुडबुडे वर येत होते. नव्या मातीतून बुडबुडे येतातच, असं तिने स्वतःला सांगितलं. पण ते कडेने येतात, भराभर, आणि थांबतात. हे मधोमध येत होते. एक आला. मग थोड्या वेळाने दुसरा. तिसऱ्याला त्याहून जास्त वेळ लागला.

आतून आबांनी हाक मारली, पानं वाढली म्हणून. कामिनीच्या हातात अजून डांगर होतं. चौथा बुडबुडा हळू वर आला, पाण्यावर जरा राहिला आणि फुटला.

ती पाचव्याची वाट पाहत बसली.