हातात आलेली शेणी

ही गोष्ट कोल्हापुरात कुणालाही सांगा, कुणाचा बापसुद्धा विश्वास ठेवणार नाही. एका शेणीनं दोन माणसांची ताटातूट केली, आणि ती शेणी जळाली तेव्हा पंचगंगेपासून दसरा चौकापर्यंत फुलांचा घमघमाट सुटला होता. हसा, हसा. आधी सगळेच हसतात. प्रियदर्शनी, तू दहावीत आहेस, तुला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं हे मला ठाऊक आहे. पण गोष्ट संपेपर्यंत तोंडाला कुलूप. शेण्या रचून झाल्या ना? मग बसा सगळी पायरीवर. टेम्पो यायला अजून अवकाश आहे.

तर आठ वर्षांमागं आपल्या ह्याच शाळेत केतन सर विज्ञान शिकवायला होते. शिरोळकडचे. जैन शेतकऱ्याचं पोरगं, उसासारखं सरळ आणि उसासारखंच आत गोड. नोकरी तासिकेवरची, म्हणजे आज आहे आणि उद्याचं कुणी सांगावं! पण उत्साह असा की शाळेत कुठलाही उपक्रम निघाला की सर पुढं. गणपतीत घाटावर निर्माल्य गोळा करायचं, सर आहेत. प्रभात फेरी, सर आहेत. आणि होळीला शेणीदान… ते तर त्यांच्याच डोक्यावर. आपल्या गावात मयताला शेणी फुकट मिळते ती अशी दारोदार फिरून जमवलेली असते. होळी लहान करायची आणि उरलेल्या शेण्या स्मशानभूमीला द्यायच्या. पोरांना घेऊन सर गल्लीगल्लीत फिरायचे.

त्या वर्षी फिरत फिरत गंगावेशीच्या मागच्या बोळात आले. एका गोठ्यापुढं थांबले. चार म्हशी, दारात दुधाच्या किटल्या, आणि भिंतीशी एक मुलगी पदर खोचून शेण्या थापत उभी. हात शेणानं माखलेले, कपाळावर आलेली बट बाजूला सारायला हात मोकळा नाही… म्हणून ती फुंकर मारून बट उडवत होती. एकदा उडवली. परत आली. परत उडवली.

सर म्हणाले, "आम्ही शाळेतनं… शेणीदानासाठी…" आणि पुढचं वाक्य विसरून भिंतीला टेकले.

"पावणं," ती म्हणाली, "भिंत वली हाय."

गोठ्यात वाढलेला माणूस, ओली भिंत कळू नये? पण त्याचं लक्ष भिंतीकडं नव्हतंच. पांढऱ्या शर्टावर, पाठीच्या बरोबर मधोमध, पाच बोटांची आख्खी शेणी उमटली. पोरं खिदळली. म्हैससुद्धा हसली, हे मी स्वतः… बरं, ते राहू दे.

"शर्ट द्या, धुऊन देते," ती म्हणाली.

"नको नको. राहू दे."

"राहू दे? शेणाचा डाग?"

"हात चांगला आहे," सर म्हणाले आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "म्हणजे… शेणीवरचा. ठसा."

धुळवडीची सुट्टी संपली आणि शाळेत चित्रकलेच्या नव्या बाई हजर झाल्या. निशिगंधा मॅडम. सरांनी हजेरीपटावरून मान वर केली आणि खडू हातातनं पडला.

"ओळख आहे का तुमची?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"पाठमोरी हाय," मॅडम म्हणाल्या.

वर्षभर हे असंच चाललं. सरांनी घाटावर निर्माल्याची टोपली धरली की मॅडम शेजारच्या टोपलीशी. झेंडूच्या पाकळ्या सरांच्या केसांत अडकायच्या; मॅडम एक एक काढून टोपलीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "देवाचं देवाला." पोरं प्रभात फेरीत घोषणा द्यायची, "झाडे लावा", आणि मागनं कुणीतरी पुरं करायचं, "सर वाचवा!" सर छडी शोधायला जायचे ती त्यांना कधीच सापडायची नाही.

सरांना एक विद्या मात्र अवगत झाली होती. हजार शेण्यांच्या राशीतनं ते मॅडमची शेणी ओळखायचे. अंगठा जरा तिरका, करंगळी लांबवर पसरलेली.

"ही तुमची," ते म्हणायचे.

"कशावरनं?"

"हात ओळखू येतो."

"मग हातात धरायचा सोडून शेणीवर कशाला बघत बसलासा?" मॅडम म्हणाल्या, आणि सरांना ते बोलणं कळेस्तोवर त्या रंगाची पेटी उचलून वर्गात निघूनही गेल्या.

असा हुशार माणूस. विज्ञान शिकवायचा!

मग पुढच्या होळीच्या चार दिवस आधी सरांना पत्र आलं. पक्की नोकरी. पण कुठं, तर पार गडचिरोलीत. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. सरांच्या वडिलांनी, नेमगोंडा पाटलांनी, गावात पेढे वाटले. सरांनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. तीन दिवस. चौथ्या दिवशी रंगाच्या बाटल्या ठेवतात त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मॅडम… एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"मला जावं लागेल. किंवा… नाही जावं लागणार. म्हणजे तुम्ही म्हणालात तर मी हे पत्र फाडतो. तासिकेवर राबेन, शिकवण्या घेईन. वडिलांना घेऊन तुमच्या घरी येतो. ते ओरडतील, तुमचेही ओरडतील… पण मी येतो. फक्त तुम्ही म्हणायला पाहिजे."

मॅडम ब्रश धूत होत्या. पाणी निळं झालं, मग हिरवं झालं. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्या शेण्या न्यायला घरी येनार न्हवं तुम्ही?"

"येणार."

"मग उद्या सांगते. असलं काय तोंडानं बोलायला जमत न्हाय मला. तुम्ही फक्त बघा. नीट बघा."

सर त्या रात्री झोपले नाहीत. उद्या काय बघायचं, डोळ्यांत बघायचं, दारात बघायचं, साडीचा रंग बघायचा? पहाटे चार वाजता त्यांनी दाढी केली. आरशात बघून 'हो' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरं ऐकून घ्यायची तालीम केली.

होळीचा दिवस. सयाजी आबांच्या, म्हणजे मॅडमच्या वडिलांच्या गोठ्यात शेण्यांची रास माणसाच्या उंचीची. बोळ अरुंद, टेम्पो आत येत नाही. मग सरांची ती ठरलेली साखळी लागली. गोठ्यापासून टेम्पोपर्यंत तीस पोरं ओळीनं उभी. शेणी ह्या हातातनं त्या हातात. सरांचा नियम एकच, तोही त्यांनीच पोरांच्या अंगवळणी पाडलेला: हातात आलेली शेणी थांबवायची नाही. थांबला की साखळी तुटली.

"हातात आली की!" सर ओरडायचे.

"पुढं!" पोरं ओरडायची.

साखळीत पहिले सर स्वतः. रास उपसून द्यायला मॅडम. सयाजी आबा दारात, कमरेवर हात ठेवून. मॅडम एक एक शेणी उचलून सरांच्या हातात देत होत्या आणि सर त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. नीट बघत होते. डोळ्यांत काही दिसतंय का, ओठ हलतायत का… हात आपोआप चालले होते.

रास संपत आली. मॅडम जरा थांबल्या. आतल्या फळीवरनं त्यांनी एक शेणी काढली, कापडात गुंडाळून वेगळी ठेवलेली. कापड सोडलं. दोन्ही हातांनी सरांपुढं धरली.

"सर," त्या म्हणाल्या, "ही जरा…"

"काय गं, वली हाय व्हय?" दारातनं आबा.

"न्हाय आबा. वाळलीया."

सरांनी ती घेतली. मॅडमच्या बोटांना बोटं लागली, वर्षभरात पहिल्यांदा. सरांनी बघितलं… मॅडमच्या डोळ्यांत. तिथं पाणी होतं की ऊन, ते त्यांना कळेना. आणि मागनं तीस पोरं एका सुरात ओरडली:

"हातात आली की!"

"पुढं!" सर म्हणाले. आणि हातानं ती पुढं दिली.

मॅडम त्या हाताकडं बघत राहिल्या. शेणी पहिल्या पोराकडं गेली, दुसऱ्याकडं, दहाव्याकडं, बोळाचं वळण घेऊन दिसेनाशी झाली. तिच्यावर पाच बोटांच्या ठशाशेजारी, ओल्या शेणात करंगळीनं कोरलेले दोन शब्द होते. 'जाऊ नका.' आणि खाली निशिगंधाची एक दांडी, पाच कळ्यांची. चित्रकलेच्या बाई त्या! एकही कळी वाकडी नव्हती.

सर तिथं आणखी घटकाभर रेंगाळले. मॅडम आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. सरांनी स्वतःला सांगितलं, उत्तर द्यायचं नाही हेही एक उत्तरच असतं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ. हार, नारळ, पोरींची रडारड. सगळं आवरल्यावर व्हरांड्यात दोघं समोरासमोर आली.

"आमच्या शेण्या…" मॅडम म्हणाल्या. "बघितलासा?"

सरांना वाटलं, बाई काहीतरी बोलायचं म्हणून बोलतायत. आपणही काहीतरी बोलावं. भला माणूस, कुणाच्या घरच्या दानाला नाव कसं ठेवायचं?

"बघितल्या की. सगळ्या बघितल्या."

"सगळ्या?"

"अगदी शेवटच्या शेणीपर्यंत."

"आणि?"

"आणि काय… छान वाळल्या होत्या. चांगल्या पेटल्या असतील."

मॅडमनी मान डोलावली. एकदाच. मग म्हणाल्या, "सांभाळून जावा," आणि नळाशी जाऊन, रंग नव्हता तरी, कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

सर सीबीएसवरनं एसटीत बसले. शेवटच्या मिनिटापर्यंत खिडकीतनं स्टँडचं दार बघत होते. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. सांगलीच्या पुढं कुठंतरी त्यांनी पिशवीतला तो पांढरा शर्ट काढला, पाठीवरचा फिकट डाग बघितला आणि परत घडी घालून ठेवला. पाच वर्षांनी ते एकदा शाळेत येऊन गेले, त्यांनीच हे सांगितलं. तोवर मॅडमचं लग्न होऊन त्या आजऱ्याला गेल्या होत्या. जाताना त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सर पटांगणात उभे राहिले, चहा घेतला, म्हणाले, "त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं हो. काहीतरी म्हणायला पाहिजे होतं." चहा गार झाला तरी कप तसाच धरून होते.

आणि ती शेणी? ती त्याच आठवड्यात कुणा अनोळखी म्हातारीच्या अंगावर रचली गेली. पेटली तेव्हा धुराचा वास यावा, तर निशिगंधाचा घमघमाट! शुक्रवार पेठेत बायका दारात आल्या. दसरा चौकात गजरेवाल्यांचा धंदा बसला. म्हशींनी त्या संध्याकाळी दुप्पट दूध दिलं. धूर वर गेला तोही सरळ नाही, पाच कळ्यांची दांडी काढत गेला…

नाही, प्रियदर्शनी, ते शब्द कुणाच्याही नजरेस पडले नाहीत. साखळीतली पोरं तर न बघताच पुढं देत होती. टेम्पोत शेण्या रचायला शाळेचा शिपाई होता, पण त्याचं ध्यान नव्हतं. ऊन डोळ्यांवर. हातात आली, रचली. त्याला काय ठाऊक? त्याला ठाऊक असतं तर त्यानं हाक मारली नसती? बोळ काही लांब नव्हता. तीस पावलं. तो धावत गेला असता, सयाजी आबांसमोर का होईना सरांच्या हातात ती परत…

"खोटं!" प्रियदर्शनी उभी राहिली. "मामा, खोटं हाय हे! सरांनी शेणी बघितली न्हाय, बाई कुणाला बोलल्या न्हाईत, शेणी जळून गेली… मग तिच्यावर काय लिवलंतं ते तुमास्नी कसं ठाव? त्या साली शाळेचा शिपाई तुमीच हुतासा की! वाचलंतं तुमी. वाचून टेम्पोत रचलासा!"